काळजाचे ठोके

‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ अशी एक म्हण मराठीत आहे. रात्री वाऱ्याने खिडकीचे दार हलले, तर धीट मनुष्य उठून कडी लावतो आणि पुन्हा निजतो. भित्रा मनुष्य मात्र पांघरुणात अंग चोरून पहाटेपर्यंत जागा राहतो. दार तेच आणि वाराही तोच. परंतु एकाला तो नुसता आवाज वाटतो आणि दुसऱ्याच्या मनात राक्षस उभा राहतो. भयाचे मूळ पुष्कळदा बाहेरच्या वस्तूत नसून माणसाच्या मनात असते, हा अनुभव या म्हणीत साठविलेला आहे.

याच अनुभवावर कथेचा एक निराळा प्रकार उभा राहिला. भुताखेतांच्या गोष्टींत भय बाहेरून येते. गुप्तहेरांच्या गोष्टींत गुन्हा कोणी केला, याचा शोध चालतो. या तिसऱ्या प्रकारात मात्र भूत नसते आणि गुन्हेगारही कित्येकदा आरंभापासून ठाऊक असतो. तरीही वाचकाचा श्वास रोखला जातो, कारण सारी उलथापालथ माणसाच्या मनात घडत असते. अशा कथांना मानसशास्त्रीय थरारकथा म्हणतात. मराठीत रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या अनेक गूढकथा या प्रकाराला जवळच्या आहेत. या प्रकाराचा एक जुना व उत्तम नमुना अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पो याने लिहून ठेवला आहे.

पो याचा जन्म १९ जानेवारी १८०९ रोजी बॉस्टन येथे झाला. त्याची आई रंगभूमीवरील नटी होती. तो तीन वर्षांचाही झाला नव्हता, तोच ती वारली आणि रिचमंड शहरातील जॉन अ‍ॅलन नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी तो वाढला. पुढे मासिकांचे संपादन, टीका, कविता व कथा यांवर त्याने कशीबशी गुजराण केली. १८४९ साली बाल्टिमोर येथे तो मरण पावला, तेव्हा त्याचे वय अवघे ४० वर्षांचे होते. जानेवारी १८४३ मध्ये ‘द पायोनिअर’ या मासिकात त्याची ‘द टेल-टेल हार्ट’ ही कथा प्रसिद्ध झाली. ‘चहाडी करणारे काळीज’ असा या नावाचा अर्थ होतो. ते मासिक तीन अंक निघून बंद पडले. कथा मात्र आजही जगभर वाचली जाते.

कथा सांगणारा मनुष्य एका म्हाताऱ्याबरोबर राहतो. आपण वेडे नाही, हे तो पहिल्या वाक्यापासून पुनःपुन्हा बजावतो. आजाराने आपली इंद्रिये, विशेषतः कान, फार तीक्ष्ण झाले आहेत, असे तो म्हणतो. म्हाताऱ्याने त्याचे काहीही वाईट केलेले नाही. त्याच्या पैशाचाही याला लोभ नाही. याला सहन होत नाही तो म्हाताऱ्याचा एक डोळा. तो डोळा फिकट निळा, वर पातळ पडदा आलेला आणि गिधाडाच्या डोळ्यासारखा आहे. एवढ्या कारणासाठी तो म्हाताऱ्याला ठार मारण्याचे ठरवितो.

सात रात्री तो मध्यरात्रीच्या सुमारास हळूच दार उघडतो आणि झाकणाच्या कंदिलातून प्रकाशाची एकच बारीक रेघ त्या डोळ्यावर सोडतो. डोळा मिटलेला असतो, म्हणून तो परत फिरतो. आणि सकाळी जाऊन, रात्री झोप कशी लागली, असे म्हाताऱ्याला गोडीने विचारतो! आठव्या रात्री कंदिलाच्या झाकणावरून त्याचा अंगठा घसरतो. त्या आवाजाने म्हातारा दचकून उठतो आणि कोण आहे म्हणून विचारतो. उत्तर येत नाही. तासभर दोघेही अंधारात निश्चल राहतात. वारा असेल, उंदीर असेल, अशी म्हातारा आपल्या मनाची समजूत घालीत असणार, हे तो बाहेरचा मनुष्य ओळखतो. अशा रात्री त्यानेही काढलेल्या असतात. त्याला म्हाताऱ्याची कीव येते. परंतु तो पाऊल मागे घेत नाही.

इतक्यात त्याच्या कानी एक आवाज येतो. कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा दबलेला, जलद असा तो आवाज असतो. हे म्हाताऱ्याचे काळीज धडधडत आहे, असे तो समजतो. आवाज वाढत जातो. शेजाऱ्यांना तो ऐकू जाईल, या भयाने तो धावून जातो आणि म्हाताऱ्याचा प्राण घेतो. मग जमिनीच्या तीन फळ्या उचकटून तो प्रेत खाली लपवितो व फळ्या पूर्ववत बसवितो.

पहाटे चार वाजता तीन पोलीस अधिकारी येतात, कारण शेजाऱ्याने किंकाळी ऐकलेली असते. किंकाळी स्वप्नात आपणच फोडली आणि म्हातारा परगावी गेला आहे, असे तो हसतमुखाने सांगतो. सारे घर दाखवितो आणि आपली खुर्ची नेमकी त्या फळ्यांवरच मांडून बसतो. पोलिसांना कसलाही संशय नसतो. ते इकडच्या तिकडच्या गप्पा मारू लागतात. पण त्याच्या कानांत तोच घड्याळासारखा आवाज पुन्हा सुरू होतो. तो मोठ्याने बोलतो, येरझाऱ्या घालतो, खुर्ची फळ्यांवर घासतो. आवाज वाढतच जातो. या पोलिसांना सारे कळले आहे आणि ते आपली थट्टा करीत आहेत, असे त्याला वाटते. शेवटी तो स्वतःच ओरडून गुन्हा कबूल करतो आणि फळ्या उचकटण्यास सांगतो.

मेलेल्या माणसाचे काळीज वाजत नाही. मग तो आवाज कोणाचा होता? पोने हे कोठेही सांगितलेले नाही. त्याने फक्त खूण ठेवली आहे. दोन्ही वेळी आवाजाला एकच उपमा दिलेली आहे. भय वाटले की मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या हृदयाचे ठोके मिनिटास साधारणतः ६० ते १०० पडतात. या द्रव्यामुळे ते वाढतात आणि शांत खोलीत स्वतःच्या कानांनाही ऐकू येतात. म्हणून दोन्ही वेळी त्या मनुष्याने स्वतःचेच काळीज ऐकले असावे, असे पुष्कळ वाचकांना वाटते. पोलिसांजवळ पुरावा नव्हता. साक्ष त्याच्याच छातीत बसलेली होती. ‘खाई त्याला खवखवे’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

कथेची बांधणीही पाहण्यासारखी आहे. लघुकथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातील प्रत्येक शब्दाने एकच परिणाम साधावा, असे मत पो याने १८४२ साली मांडले होते. या कथेत त्याने ते पाळले आहे. गावाचे नाव नाही, माणसांची नावे नाहीत. आहे ती एक खोली, एक डोळा आणि एक आवाज. दुसरे असे की, प्रेत कोठे आहे हे वाचकाला ठाऊक असते, पोलिसांना नसते. पुढे विख्यात चित्रपट-दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी हेच तत्त्व एका उदाहरणाने समजावून दिले. मेजाखाली ठेवलेला बाँब अचानक फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. परंतु तो बाँब प्रेक्षकाला आधी दाखविला आणि मेजाभोवतीची माणसे निवांत बोलत बसली, तर प्रेक्षकाची उत्कंठा पंधरा मिनिटे टिकते. पोच्या कथेत हा बाँब म्हणजे खुर्चीखालच्या त्या तीन फळ्या होत.

या कथेतील आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सारी हकीकत एकटा गुन्हेगारच सांगतो. तो स्वतःला शहाणा म्हणवितो, आपल्या कौशल्याची प्रौढी मिरवितो आणि वाचकही काही वेळ त्याच्याबरोबर दाराशी श्वास रोखून उभा राहतो. मग एकदम वाचकाच्या ध्यानात येते की, आत अंधारात एक निरपराध म्हातारा भीतीने बसला आहे! सांगणारा कितीही ठामपणे बोलला, तरी त्याचे बोलणे त्याच्या कृतीशी ताडून पाहिले पाहिजे, हे शिक्षण अशी कथा देते. मनाचा आजार असलेली माणसे क्रूर असतात, असा ग्रह मात्र तिच्यावरून करून घेऊ नये. त्यांतील बहुतेक कोणालाही अपाय करीत नाहीत. त्यांना उपचारांची आणि आपुलकीची गरज असते.

भयकथा वाचून झाली की पुस्तक मिटते आणि घरातला दिवा, भिंत, माणसे पूर्वीसारखीच दिसतात. म्हणूनच त्या भयात आनंदही असतो. एखाद्या कथेने झोप उडाली, तर ती बाजूला ठेवावी व घरातील वडील माणसांशी बोलावे. त्यात कमीपणा नाही. मिटलेल्या पुस्तकाचे भय दिवा लागताच ओसरते. स्वतःच्या हातून घडलेल्या अन्यायाचे भय मात्र दिव्याने जात नाही. ते खरे बोलल्यावाचून शमत नाही.

अभ्यास

१. कथा सांगणाऱ्या मनुष्याला म्हाताऱ्याचा राग का आला? ते कारण पुरेसे आहे काय?
२. पोलिसांना संशय नसताना त्याने गुन्हा का कबूल केला?
३. ‘दचकणे’ आणि ‘उत्कंठा’ यांतील फरक पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
४. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ आणि ‘खाई त्याला खवखवे’ या म्हणींचा अर्थ सांगून प्रत्येकीला शोभेल असा एक प्रसंग लिहा.
५. आठव्या रात्रीची हकीकत म्हाताऱ्याच्या बाजूने दहा-बारा ओळींत लिहा.