पावभर भाजी, चौघींचं जेवण

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी एका खोलीवर राहतो. हप्ता संपत आला की अर्धी पत्ताकोबी, दोन गाजरं, एखादी शिमला मिरची उरते. एकाचीही धड भाजी होत नाही. सगळं एकत्र चिरून मोठ्या आचेवर परतलं तर पोळीसोबत ते कोरडं लागतं, पोटही भरत नाही. घरमालकीणबाई म्हणतात, पीठ पेर. पण माझ्या पिठाचे एकतर गोळे होतात, नाहीतर ते कच्चं राहतं. असं का होतं?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : घरमालकीणबाईंचं ऐका. चिनी पद्धतीने परतलेल्या भाज्या भातासोबत खायच्या असतात. बारीक चिरायचं, आच मोठी ठेवायची, झटकन उतरवायचं. यात गॅस वाचतो, तेवढं आपण जरूर घ्यावं. पण आपल्या ताटात पोळी नाहीतर भाकरी असते. तिला धरून राहील असं काहीतरी भाजीत लागतं, आणि ते काम बेसन करतं. अर्धी वाटी, म्हणजे साधारण 50 ग्रॅम बेसनात दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं असतात. त्यामुळे पावभर भाजी चौघींना पुरवठ्याला येते, आणि जेवल्यावर तासाभरात पुन्हा भूक लागत नाही. 1995 साली राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली, त्यातही पोटाला आधार याच पिठाचा होता.

आता गोळ्यांचं. पीठ पाणी सुटलेल्या भाजीवर पडलं, की वरचा थर लगेच फुगून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. तोच गोळा. म्हणून आधी भाजीतलं पाणी आटू द्यायचं आणि प्रत्येक तुकड्याला तेल लागलं पाहिजे. तेलकट तुकड्यावर पीठ पातळ बसतं, एकमेकांना चिकटत नाही.

लोखंडी कढईत तीन चमचे तेल तापवा. मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हळद, तिखट. भिवापुरी मिरचीचं तिखट मिळालं तर तेच घ्या, मात्र हात राखून. कडक भाज्या आधी : गाजर, गवार, फुलकोबीचे देठ. पत्ताकोबी, मेथी, कांद्याची पात नंतर. मीठ घाला, पाणी सुटेल, ते मोठ्या आचेवर आटवा. मग आच मंद करून पीठ चिमटीने, सगळीकडे, हात फिरवत पेरा. चमच्याने एका जागी ओतू नका. दोन मिनिटं हलक्या हाताने परता, पाण्याचा एक हबका मारा आणि झाकण ठेवा. चार-पाच मिनिटं झाकण उघडायचं नाही. पीठ शिजतं ते या वाफेवर. तुमचं कच्चं राहतं ते इथेच, कारण धीर धरवत नाही आणि उलथणं चालूच राहतं. शेवटी झाकण काढून खरपूस वास येईपर्यंत परता आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घाला. आपल्या भागातल्या जुन्या घरांत ताटात वाढल्यावर कच्च्या जवसाच्या तेलाची धार सोडतात. तेल ताजं असेल तर ती चव घ्याच.

प्रमाण एवढंच लक्षात ठेवा : दोन वाट्या चिरलेल्या भाजीला अर्धी वाटी पीठ. पालेभाजी शिजून बसते, तेव्हा ती चार वाट्या घ्या. तेल कमी वापरायचं असेल तर पीठ आधी कोरडंच मंद आचेवर भाजून ठेवा. कच्चेपणा तिथेच निम्मा जातो.

कोणतीही भाजी चालते का? जवळजवळ. टोमॅटो मात्र नको, त्याच्या रसाने पिठाचा लगदा होतो. मुळ्याचा पाला तर या पद्धतीला सगळ्यांत शोभतो, आणि बाजारात लोक तोच तोडून टाकायला सांगतात, याचं मला फार वाईट वाटतं. थंडीत मुळा पाल्यासकटच घरी आणा. वैशाखात भाज्या महागतात तेव्हा नुसता कांदा उभा चिरून हेच करा. मेच्या उन्हात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्या दिवसांत बाजाराची एक चक्करही वाचते.

आणि पुढच्या महिन्यात तयार बेसन आणू नका. चण्याची डाळ घ्या आणि चक्कीवर जाडसर भरडा काढून आणा. भरड्याचे गोळे जवळजवळ होतच नाहीत, नवशिक्या हाताला तोच बरा.