धानाचं बूड पाहा

बाबू, तू धुऱ्यावर उभा राहून बांधीकडे नजर टाकतोस आणि "धान मस्त आहे, आजोबा" म्हणतोस. वरून मस्तच दिसणार. तुडतुडा खाली बसलेला असतो, पाण्याच्या जरा वर, चुडाच्या बुडाशी, जिथे ऊन-वारा पोचत नाही.

चिखलात उतर. चूड हळूच वाकव, बुडावर तळव्याने थापट मार आणि पाण्यात काय पडतं ते बघ. तीन-चार मिलिमीटरचा मातकट किडा तुरुतुरु परत खोडाकडे आला, तर तो तपकिरी तुडतुडा. पंखांच्या मधोमध पाठीवर पांढरा पट्टा असला तर पांढऱ्या पाठीचा. हिरवा तुडतुडा निराळा, त्याचं ठाणं वर पानावर. भिंग मिळालं तर मागच्या पायाची नळी बघ. पहिल्या दोघांना टोकाशी एक मोठा हलणारा काटा असतो, हिरव्याला बारीक काट्यांची रांग.

लांब पंखांचा दिसला तर समज, पाहुणा उडून आलाय. आखूड पंखांची मादी दिसली की त्यानं बिऱ्हाड थाटलं. तिला उडता येत नाही, पण अंडी शेकड्यांनी घालते, तीही पानाच्या आवरणात खुपसून, म्हणून दिसत नाहीत.

आता आपल्या सूरजागडची खास फसगत. डोंगर लोखंडाचा, त्यामुळे धान तांबूस झाला की सगळे म्हणतात, पाण्यात लोह उतरलं. तसंही होतं, पाणी साचणाऱ्या खोलगट बांधीत. पण लोहाचा तांबूसपणा खालच्या पानांवर, टोकाकडून बारीक ठिपक्यांनी सुरू होतो आणि बुडाशी किडा नसतो. तुडतुड्याचा धान गोल चट्ट्यांनी करपतो, जणू कुणी मधेच निखारा टाकला. बुडाला हात लाव, चिकट लागेल, वर काळी बुरशीही दिसेल. तो चिकटपणा म्हणजे किड्याचा गोड मळ.

एका साली मी दुकानदाराचं ऐकून दोन औषधं मिसळून वरूनच फवारली. तुडतुडे खाणारे कोळी मेले, तुडतुडे बुडाशी सुखरूप राहिले आणि पंधरा दिवसांत दुप्पट झाले. सायपरमेथ्रीनसारख्या औषधानं हा किडा उलट वाढतो, हे मला नंतर कळलं. फवारायचंच झालं तर नोझल बुडाकडे धर. त्याआधी बांधी फोडून तीन-चार दिवस पाणी काढ आणि युरियाचा हात आखड. पुढल्या रोवणीला दर आठ-दहा ओळींनंतर हातभर पट्टा मोकळा सोड. बाया हसतील, हसू दे. वारा आत गेला की याला करमत नाही.

जपानात 1732 साली या किड्यांनी धान खाऊन दुष्काळ पाडला होता. तिथले शेतकरी बांधीच्या पाण्यावर देवमाशाचं तेल सोडत आणि चूड झटकून किडे त्यात पाडत. थापट मारायची युक्ती जुनीच आहे, बघ.

कोळी आणि काळ्या डोक्याचा हिरवा बारीक ढेकूण दिसला तर मारू नकोस. तो ढेकूण तुडतुड्याची अंडी खातो.

उद्या सकाळी खालच्या बांधीपासून लाग. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपा चाल, वीस चूड मोज. चुडामागे दहाच्या वर निघाले तर मला हाक मार.