जिभेखालचा पडदा कापायचा का?

बाळंतीण शिराळ्याला माहेरी पोचते न पोचते, तोच कुणीतरी बाळाचं तोंड उघडून बघतं. "जीभ चिकटलीय की हो! आत्ताच कापून घ्या, न्हाय तर बोबडं बोलंल." या भीतीपोटी तान्ह्या बाळाची जीभ कापू नका. लवकर कापल्याने पुढचं बोलणं सुधारतं, असा भरवशाचा पुरावा नाही.

जिभेखाली पडदा सगळ्यांनाच असतो. काहींचा आखूड असतो, मग रडताना जिभेचा शेंडा पत्त्यातल्या बदामासारखा दिसतो. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो की अशा निम्म्याहून कमी बाळांना दूध प्यायला त्रास होतो. म्हणून मी जिभेआधी पाजणं बघतो, तेही सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तोंड मोठं उघडलंय का? हनुवटी छातीला टेकलीय का? खालचा ओठ बाहेर वळलाय का? गिळल्याचा आवाज येतो का? नुसतं बोंड तोंडात धरलं तर जीभ मोकळी असूनही आईला चिरा पडतात. बाळाला धरायची पद्धत बदलली की पुष्कळदा तिथेच प्रश्न मिटतो.

पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा वेळा तरी लघवी हवी. सुरुवातीला घटलेलं वजन दोन आठवड्यांत जन्माइतकं व्हायला हवं. आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. वजन त्यांच्याकडून करून घ्या, आणि पाजतानाही त्यांना बसवून दाखवा. लाजू नका.

पद्धत सुधारूनही आईचं दुखणं थांबत नसेल, वजन अडलं असेल आणि जीभही खरंच आखडलेली असेल, तर पडदा कापावा. काम काही क्षणांचं, रक्त थेंबभर, आणि लगेच पाजता येतं. आईचं दुखणं त्याने कमी होतं; पाजणं सुधारेलच अशी हमी मात्र नाही. जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं का आणि घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, हे डॉक्टरांना आधी सांगा. महागडं लेझर कात्रीपेक्षा सरस ठरलेलं नाही. घरी नख किंवा ब्लेड तर कुणालाच लावू देऊ नका.

बाळ सुस्त पडलं, दूध ओढेनासं झालं किंवा लघवी कमी झाली, तर जिभेची चर्चा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.