एका वजाबाकीची शिक्षण परिषद

केंद्राची शिक्षण परिषद म्हटली की हजेरीपटावर सही, टपाल, चहा आणि 'माहिती आजच पाठवा' ही सूचना, एवढे ठरलेले असते. मार्गदर्शनाचा तास होतो, नाही असे नाही. पण तो पोरांच्या वहीत उतरला का, हे पुढच्या महिन्यात कोणी विचारत नाही. खालची कृती तेवढ्यासाठीच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावसारख्या तालुक्यात, द्विशिक्षकी शाळांच्या केंद्रात जादा निधीशिवाय ती करता येते.

सुरुवात जुलैतच करा. विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या अखेरीस. पुढे पोळा, तान्हा पोळा, महालक्ष्म्या यांत दिवस जातात. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला आला की आईबाप वावरात, मोठी बहीण घरी धाकट्याजवळ. हजेरीचा भरवसा उरत नाही.

साहित्य: कोरे कागद, शंभर-दहा-एकच्या खेळातल्या नोटा, तीन पुठ्ठ्याची खोकी आणि परिषदेतले दोन तास. हे दोन तास टपालाला द्यायचे नाहीत.

विषय एकच घ्या. 'गणितातील अध्ययन निष्पत्ती' हा विषय नव्हे. 'हातच्याची वजाबाकी' हा विषय. 'असर' या देशभरातल्या शैक्षणिक पाहणीतही दोन अंकी हातच्याची वजाबाकी ही मुलांच्या गणिताची एक ठरलेली पायरी आहे.

परिषदेच्या आदल्या आठवड्यात तिसरी-चौथीच्या प्रत्येक मुलाला तीन उदाहरणे द्या. ६४ − २८. मग ५०२ − १७८. आणि तिसरे शब्दांत: आईला वेचणीचे ५०२ रुपये मिळाले, १७८ चा किराणा घेतला, उरले किती? दुसऱ्या-तिसऱ्या उदाहरणात आकडे तेच ठेवायचे. उभ्या मांडणीत अडलेले एखादे पोर पैशांच्या हिशेबात बरोबर उत्तर देते, आणि मग त्याला काय येत नाही हे नेमके कळते. गुण देऊ नका, लाल शाई वापरू नका. कच्चे कामही त्याच कागदावर करू द्या.

आता परिषद. कागद बरोबर-चूक असे नव्हे, तर उत्तरांप्रमाणे लावा. ५०२ − १७८ चे बरोबर उत्तर ३२४. पहिल्या खोक्यात ४७६ वाले टाका. या मुलांनी प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केले: आठातून दोन, सातातून शून्य, पाचातून एक. वर कोणता अंक, खाली कोणता, याच्याशी त्यांना देणेघेणे नाही. दुसऱ्या खोक्यात ३७४ वाले. यांना एककाला दहा हवेत हे कळले, पण दशकात शून्य पाहून त्यांनी थेट शतकाला हात घातला, बारातून आठ नेले आणि दशकाचे शून्य तसेच राहिले. तिथे पुन्हा मोठ्यातून लहान. तिसऱ्यात ६८० वाले. त्यांनी सरळ बेरीज केली. तिन्ही उत्तरे चूकच, पण तिघांना एकच 'पुन्हा सराव करा' हा शेरा देणे म्हणजे ताप, खोकला आणि मोडलेला हात यांवर एकच गोळी देणे. ६८० वाल्याला बहुधा चिन्ह वाचायला लावले तरी पुरते. ३७४ वाल्याला शंभराची नोट मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून एकाच्या दहा, हे हाताने करावे लागते. ४७६ वाल्याला त्याही आधी, ५०२ मध्ये नोटा किती आणि कोणत्या, इथून सुरुवात.

हे वर्गीकरण पाहताना गुरुजी आपसात जे बोलतात, तेच खरे प्रशिक्षण. घाई करू नका.

मग सगळ्यांनी मिळून एक पाठ लिहा, ४० मिनिटांचा. प्रश्न कोणता विचारायचा, मूल काय उत्तर देईल, चुकीचे दिले तर पुढे काय, एवढे लिहा. एका शाळेत एकाने तो घ्यायचा. पाठ केंद्राचा आहे, घेणाऱ्याचा नाही. फसला तर केंद्राचा फसला. पाठ असा मिळून लिहून मिळून पाहायची ही रीत जपानात शंभर वर्षांहून जुनी आहे.

पाहणाऱ्यांसाठी नियम कडक ठेवा. प्रत्येकाने दोन-तीन मुलांजवळ बसायचे, फळ्याकडे नव्हे तर त्यांच्या हाताकडे पाहायचे, मदत करायची नाही, मूल जे बोलले ते वऱ्हाडीत बोलले तर वऱ्हाडीतच टिपायचे.

द्विशिक्षकी शाळेतले दोघेही पाठ पाहायला आले तर शाळाच बंद पडते. म्हणून प्रत्येक शाळेतून एकानेच यावे. दुसऱ्याने पुढच्या महिन्यात, सुधारलेला तोच पाठ दुसऱ्या शाळेत पाहावा. त्या वेळी यवतमाळच्या डायटमधून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून) अधिव्याख्यात्यांना बोलवा, पण तेही मुलाजवळच बसतील.

पाठानंतरच्या चर्चेत आधी पाठ घेणारा बोलेल, मग पाहणारे, केंद्रप्रमुख शेवटी. केंद्रप्रमुख आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. 'पाठ छान झाला' या वाक्याला बंदी.

पुढचे तीन आठवडे प्रत्येकाने आपापल्या वर्गात रोज पंधरा मिनिटे खोक्यांप्रमाणे गट करून काम करावे. भेटीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी शेरेबुक उघडण्याआधी तीन वह्या उघडाव्यात. शेवटी ७१ − ३५ आणि ६०५ − २८७ द्या. उत्तरे ३६ आणि ३१८. दुसऱ्यात ४८२ आले तर ते पोर अजून पहिल्याच खोक्यात आहे. किती पोरे कोणत्या खोक्यातून बाहेर पडली, एवढा एकच तक्ता ठेवा.

इतकी खटपट कशाला, असे वाटेल. २००७ साली अमेरिकेत शिक्षक-प्रशिक्षणावरचे १३०० हून अधिक अभ्यास तपासले गेले; कसोटीला उतरले फक्त ९. त्यात सरासरी ४९ तास प्रशिक्षण मिळालेल्या शिक्षकांची मुले लक्षणीय पुढे गेली. ५ ते १४ तासांच्या प्रशिक्षणांचा ठळक परिणाम दिसला नाही. आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही शिक्षकाला वर्षाला ५० तास सांगितले आहेत. ते तास चित्रफिती पाहूनही भरता येतात, हीच अडचण आहे. नुसत्या नकलेचेही तसेच. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांचे ज्ञानरचनावादी काम पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले; परतल्यावर पुष्कळांनी फरशीवर तक्ते रंगवले. पण तिथली फरशी नव्हे, तिच्यामागचा शिक्षकांचा आपसातला विचार घ्यायला हवा होता.

तेव्हा पुढच्या परिषदेला निघताना माहितीचे कागद राहिले तरी चालतील. तिसरी-चौथीच्या वजाबाकीचे कागद तेवढे पिशवीत टाका.