सिकलसेल : आनुवंशिक रोग आणि रक्ततपासणीचे महत्त्व

आनुवंशिक रोगाचा माग पूर्वी केवळ घराण्याच्या इतिहासावरून काढावा लागे. आता तो प्रत्यक्ष जनुकात घेता येतो. मध्य प्रदेश, गुजरात व महाराष्ट्र या राज्यांच्या आदिवासी भागांत आणि विदर्भातील इतर काही समाजांत आढळणारा सिकलसेल हा रोग याचे उत्तम उदाहरण होय.

या रोगात प्राणवायू कमी पडताच तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे तीव्र वेदना होतात. पेशी लवकर नष्ट झाल्याने पंडुरोग जडतो. रोग्याचे हिमोग्लोबिन निराळे असल्याचे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांच्या संशोधनातून हा फरक एकाच अमिनो आम्लाचा असल्याचे सिद्ध झाले.

१९७८ मध्ये कान व डोझी यांनी पुढचे पाऊल टाकले. जनुकाच्या आसपासच्या डी.एन.ए.मध्ये माणसामाणसांत निरुपद्रवी फरक असतात. असा एक फरक पुष्कळदा सिकलसेलच्या जनुकाबरोबरच वारशाने उतरतो, असे त्यांना आढळले. या खुणेवरून गर्भावस्थेतही निदान करण्याचा मार्ग खुला झाला. याच पद्धतीने भारतातील व पूर्व अरबस्तानातील रुग्णांमधील फरकांची ठेवण सारखी, परंतु आफ्रिकेतील रुग्णांहून वेगळी असल्याचे उघड झाले.

हे ज्ञान गावोगावच्या कुटुंबांच्या उपयोगाचे आहे. सदोष जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आल्यास अपत्य केवळ वाहक होते व सामान्यतः निरोगी जीवन जगते. मात्र दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रोगी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के व पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. म्हणून केवळ सुनेला दोष देणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय ते शास्त्रालाही धरून नाही.

प्राथमिक विद्राव्यता चाचणीतून सिकल हिमोग्लोबिनचे अस्तित्व कळते. परंतु व्यक्ती वाहक आहे की रोगी, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीनेच निश्चित होते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

तपासणीचा निष्कर्ष हा कलंक नव्हे. तो विवाहापूर्वीच हाती असल्यास वधूवरांना विचारपूर्वक निर्णय घेता येतो. शिक्षक व ग्रामसेवकांनी ही गोष्ट घरोघरी समजावून दिल्यास पुढील पिढीचे पुष्कळ दुःख टळेल.