एक किलोचा उपग्रह आणि न थांबणारा चुंबक



धड्याच्या शेवटी जी उदाहरणे असतात ती फार मायाळू असतात. लागेल तेवढीच माहिती दिलेली, घर्षण ‘नगण्य’ मानलेले आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेले! प्रत्यक्षातील अडचण इतकी सभ्य नसते. आमच्या वढू बुद्रुकहून कोरेगाव भीमामार्गे नगर रस्त्याला लागले, की सणसवडी आणि पुढे रांजणगाव अशी कारखान्यांची रांग लागते. तिथे प्रकल्पासाठी गेलेला विद्यार्थी परत आला की हटकून म्हणतो, “सर, तिथं गणित कुणी घालूनच देत नाही. नुसतं म्हणतात, हे बिघडतंय, बघा काय ते.”

बाहेरच्या एखाद्या संस्थेने खरी अडचण समोर ठेवावी आणि महाविद्यालयातील मुलांनी ती सोडवावी, ही पद्धत आता सर्वत्र रूढ होत आहे. तिचे एक उत्तम उदाहरण आपल्या गावापासून तीसेक किलोमीटरवर, पुण्यातच घडले आहे. १८५४ साली सुरू झालेल्या आणि २०२२ पासून तंत्रज्ञान विद्यापीठ बनलेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (सी.ओ.ई.पी.) विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा उपग्रह बांधला. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पी.एस.एल.व्ही.-सी ३४ या अग्निबाणाने एकूण वीस उपग्रह वर नेले, त्यांत तो होता. मुख्य प्रवासी होता ७२७.५ किलोग्रॅमचा कार्टोसॅट. ‘स्वयम्’चे वजन जेमतेम एक किलो. हौशी रेडिओ-चालकांचे संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचविणे हे त्याचे काम.

इस्रो म्हणजे काही खाजगी कंपनी नव्हे. पण या व्यवहारात तिची भूमिका भागीदाराचीच होती. वाहन तिचे, वेळापत्रक तिचे आणि अटीही तिच्याच. अशा सहप्रवासातील पहिली अट मोठी बोलकी असते. “तुमचा उपग्रह चाललाच पाहिजे,” असे वाहनमालक म्हणत नाही. “तुमच्या उपग्रहामुळे शेजाऱ्याला इजा होता कामा नये,” असे म्हणतो. उड्डाणाच्या हादऱ्यांनी एखादा स्क्रू जरी निसटला, तरी त्याचा मारा कोट्यवधी रुपयांच्या शेजाऱ्यावर होऊ शकतो. म्हणून कंपनांच्या आणि निर्वातातील तपमानाच्या चाचण्या पार पडल्याखेरीज जागा मिळत नाही. परीक्षेत चूक झाली तर आपलेच गुण जातात. इथे दुसऱ्याचे नुकसान होते.

आता मुलांपुढचे गणित काय होते ते पाहू. दहा सेंटिमीटर बाजू असलेला घन, हा या उपग्रहांचा ठरलेला आकार. १९९९ मध्ये अमेरिकेतील दोन प्राध्यापकांनी, ट्विग्ज आणि पुइग-सुआरी यांनी, विद्यार्थ्यांना झेपावा म्हणून तो सुचविला. पृथ्वीपाशी दर चौरस मीटरवर सुमारे १३६० वॅट सूर्यप्रकाश पडतो, म्हणजे घनाच्या एका बाजूवर १३.६ वॅट. सौर घटांनी त्यातील २८ टक्क्यांची वीज केली, तर हाती येतात पावणेचार वॅट. त्यातही प्रत्येक फेरीचा साधारण तिसरा हिस्सा पृथ्वीच्या सावलीत जातो. घरातल्या एका लहान एल.ई.डी. दिव्याहून कमी विजेत संगणक, रेडिओ आणि बाकीचा सगळा संसार चालवायचा!

अग्निबाणातून सुटताना उपग्रह गिरक्या खाऊ लागतो. गिरक्या थांबल्या नाहीत तर अँटेना कधी इकडे, कधी तिकडे. मोठ्या उपग्रहांत यासाठी फिरत्या चकत्या, विद्युत्-चुंबक किंवा वायूचे फवारे असतात. त्यांना वीज लागते, वजन लागते आणि सतत हिशेब करणारा संगणक लागतो. विद्यार्थ्यांनी निवडलेला उपाय तुम्हांला सातवी-आठवीपासून ठाऊक आहे : कायम चुंबक! होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला वळते, तसा चुंबक आत बसविलेला अख्खा उपग्रहच वळेल. वीज शून्य, संगणक शून्य.

एवढ्याशा चुंबकाचा जोर पुरेल का? गणित करून पाहू. समजा, चुंबकाचे चुंबकीय परिबल ०.३ अँपिअर-चौरस मीटर आहे आणि त्या उंचीवरील क्षेत्र ०.००००३ टेस्ला आहे. (हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत.) दोन्ही काटकोनात असताना मिळणारा पीळ म्हणजे या दोहोंचा गुणाकार, ०.०००००९ न्यूटन-मीटर. साडेचार सेंटिमीटर लांबीच्या काडीच्या टोकाला तांदळाचा एक दाणा (सुमारे २० मिलिग्रॅम) टांगला, तर काडीच्या दुसऱ्या टोकाशी एवढाच पीळ पडतो. हसू नका! पाचशे किलोमीटर उंचीवर वळणाला विरोध करायला हवा जवळजवळ नाहीच. एक किलोच्या या घनाचे जडत्व परिबल ०.००१६७ किलोग्रॅम-चौरस मीटर येते. ते या पिळाने भागून, वर्गमूळ काढून २π ने गुणा, म्हणजे हेलकाव्याचा काळ मिळेल : सुमारे ८५ सेकंद. एक फेरी दीड तासाच्या आसपास असते, तेव्हा हा वेग पुष्कळ झाला.

हे सारे मी दिवाळीच्या सुटीत आमच्या पडवीत गावातल्या मुलांना दाखवीत होतो. दोऱ्याने पट्टी-चुंबक टांगला आणि ऐटीत म्हणालो, “पाहा, आता हा उत्तर-दक्षिण होईल.” चुंबक हलला, डुलला आणि चांगला वीसेक अंश बाजूलाच रेंगाळला. मुलांनी एकमुखाने निकाल दिला की चुंबक खराब आहे. खरा अपराधी होता मी ज्यावर बसलो होतो ती लोखंडी खाट! खाट अंगणात काढली, तेव्हा चुंबक मुकाट्याने उत्तरेकडे वळला.

ही फजिती मोठमोठ्यांना चुकलेली नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे एकोणिसाव्या शतकापासून होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहांनी मापे बिघडतील हे ओळखून १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा थाटण्यात आली. उपग्रहात तर अंगण नाही, की अलिबाग नाही. आतले स्क्रू, विद्युत्-घट, तारांतले प्रवाह, सगळेच चुंबकाशेजारी दहा सेंटिमीटरांत. म्हणून अचुंबकीय धातू वापरायचे आणि जाणारी-येणारी तार एकमेकींना पिळून घालायची, म्हणजे त्यांची क्षेत्रे एकमेकांना खोडतात.

खाट हलविल्यावर एका नववीतल्या मुलाने विचारले, “पण सर, हा थांबायचा कधी?”

हाच तो प्रश्न! पडवीतला चुंबक हवेमुळे आणि दोऱ्याच्या पिळामुळे कधीतरी थांबतो. वर ना दोरा, ना हवेचा आधार. मग नुसता चुंबक बसविलेला उपग्रह अवकाशात हेलकावतच राहील. गतीची ऊर्जा कुठेतरी जिरवायला हवी. त्यासाठी चुंबकाशी काटकोनात निकेल-लोखंडाच्या मऊ चुंबकीय मिश्रधातूच्या बारीक सळया बसवितात. उपग्रह हेलकावतो तशी या सळयांतून जाणाऱ्या क्षेत्राची दिशा उलटसुलट होते. सळईचे चुंबकत्व मात्र क्षेत्राच्या जरा मागे रेंगाळते. याला मंदायन म्हणतात. प्रत्येक हेलकाव्यागणिक थोडी ऊर्जा सळईत उष्णतेच्या रूपाने खर्च होते आणि दिवसामागून दिवस हेलकावे लहान होत जातात. गंमत अशी की विजेच्या खांबावरील रोहित्रात हेच मंदायन शत्रू असते. ते कमी व्हावे म्हणून गाभ्यासाठी सिलिकॉनयुक्त पोलाद वापरतात. तिथला तोटा तो इथला उपाय.

या उपायाची मर्यादाही सांगायला हवी. असा उपग्रह पृथ्वीकडे तोंड करून राहत नाही, तर चुंबकीय क्षेत्राच्या रेषेला धरून राहतो. विषुववृत्तापाशी ती रेषा जमिनीला जवळपास समांतर असते, ध्रुवांपाशी उभी, आणि आपल्या पुण्याजवळ तिचा नतिकोन सुमारे २६ अंश. म्हणजे फेरी घालताना उपग्रहही कलत जाणार. एखाद्या शेताचे छायाचित्र घ्यायचे असते तर हा उपाय कुचकामी ठरला असता. साध्या तारेच्या अँटेनाला मात्र इतका अचूक रोख लागत नाही. म्हणूनच, माझ्या मते, या मुलांची खरी हुशारी चुंबकात नाही. आपल्या कामाला किती अचूकपणा पुरेसा आहे हे त्यांनी आधी ठरविले, त्यात आहे.

प्रकल्प सुरू झाला २००८ साली आणि उड्डाण झाले २०१६ मध्ये. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा! पहिली रेखाटने काढणारी मुले पदवी घेऊन निघून गेली. त्यांच्यामागून आलेलीही गेली. ही सळई इतक्याच लांबीची का, हे पहिल्या तुकडीने लिहून ठेवले नाही, तर तिसऱ्या तुकडीने काय करावे? त्याच वर्षी २६ सप्टेंबरला उडालेल्या मुंबईच्या आय.आय.टी.च्या दहा किलोच्या ‘प्रथम’ उपग्रहाचीही हीच कथा. तिथेही विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांचे हात लागले. आपल्या शाळांत प्रयोगवही गुणांसाठी लिहिली जाते आणि वर्ष संपले की रद्दीत जाते, हे मला यासाठीच खटकते.

घरी करून पाहण्यासारखे : पट्टी-चुंबक दोऱ्याने टांगा (खाट दूर ठेवा!), तो एका बाजूला वळवून सोडा आणि थांबेपर्यंतचे हेलकावे मोजा. मग त्याच्याखाली अगदी जवळ, पण न टेकता, जाड बुडाचे ॲल्युमिनियमचे पातेले पालथे ठेवून पुन्हा मोजा. आमच्या पडवीत ही संख्या निम्म्याहून खाली आली. इथे ऊर्जा जिरविणारे कारण मंदायन नव्हे, पातेल्यात उत्पन्न होणारे भोवऱ्यासारखे विद्युत्-प्रवाह आहेत, हे विसरू नका.

आणि कागदावर सोडविण्यासाठी : वरील उदाहरणात दुप्पट परिबलाचा चुंबक घेतला, तर हेलकाव्याचा काळ ८५ ऐवजी साधारण ६० सेकंद होतो, हे सिद्ध करा. मग सर्वांनीच जास्तीत जास्त प्रबळ चुंबक का वापरू नये? शेजारच्या मऊ सळयांवर त्या चुंबकाचा काय परिणाम होईल, याचा विचार करून पाहा.