पिकअपला डिझेल इंजिन बसविताना

बेळगावचा भाजीपाला चोर्ला घाट उतरून गोव्याच्या बाजारात येतो. त्या वाहतुकीचा मोठा भार लहान पिकअप गाड्या वाहतात. अशी एकच गाडी ज्याच्या संसाराचा आधार आहे, अशा मालकाच्या गाडीचे पेट्रोल इंजिन थकले की त्याच्या मनात हमखास एक विचार येतो : त्याच जागी जुन्या बाजारातील डिझेल इंजिन बसवावे. हा विचार गैर नव्हे. परंतु इंजिन बदलणे म्हणजे केवळ एक भाग बदलणे नसून जवळजवळ सारी गाडीच बदलणे होय, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात उशिरा येते. ती वेळीच यावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये आपल्या देशात विलीज जीपच्या जुळणीस प्रारंभ केला. त्या जीपचे इंजिन पेट्रोलवर चाले. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे दर कडाडले. डिझेल त्या मानाने पुष्कळच स्वस्त असल्यामुळे जीप, पिकअप, इतकेच काय मोटारगाड्यांतही डिझेल इंजिने बसविण्याचा परिपाठ गॅरेजांतून रूढ झाला. पुढे १९७९ मध्ये महिंद्र कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि कारखान्यातूनच डिझेल गाड्या मिळू लागल्या. गॅरेजातील हस्तकौशल्य मात्र टिकून राहिले.

मूळ भेद

पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने ते पेट घेते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे नुसती हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे यशस्वी करून दाखविलेले तत्त्व ते हेच. एवढा दाब सोसावयाचा म्हणून डिझेल इंजिनाचा सांगाडा भक्कम व वजनदार असतो. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ या वजनात, या दाबात आणि ठिणगीच्या अभावात आहे.

जोडणी

इंजिन जड म्हणून पुढचे पाटे अथवा स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर त्या भाराजोगे हवेत. हादरे अधिक म्हणून इंजिनाखालची रबरी माउंटिंगे वेगळी लागतात आणि ती चेसिसवर नेमक्या जागी यावी लागतात. इंजिनाचे तोंड जुन्या गिअरबॉक्सला सहसा जुळत नाही. मधे पट्टी घालावी लागते. ती केसभर वाकडी बसली तरी क्लच व बेअरिंग लवकर निकामी होतात. म्हणून इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स घेणे बहुधा श्रेयस्कर. मात्र तसे केल्यास मागचा प्रोपेलर शाफ्ट लांबीत कमीअधिक करून त्याचा तोल पुन्हा साधून घ्यावा लागतो.

दाब मोठा म्हणून सेल्फ व बॅटरी अधिक ताकदीची लागते. थंडीत इंजिन चालू होण्यासाठी हीटर प्लगचे वायरिंग नव्याने करावे लागते. पेट्रोलची टाकी संपूर्ण धुऊन कोरडी करावी. पंप व नोझल यांकडून उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी दुसरी नळी आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर हेही आवश्यक होत. जुन्या धाटणीची डिझेल इंजिने कमी फेऱ्यांवर जोर देतात. मागच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर तेच राहिले, तर सपाट रस्त्यावर साध्या वेगासाठीही इंजिन सतत शिकस्तीने फिरते आणि इंधनाची अपेक्षित बचत तेथेच हरवते.

ब्रेक : दुर्लक्षू नये असा भाग

पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या मार्गात थ्रॉटलची झडप असते. तिच्यामुळे निर्माण होणारी निर्वात ओढ ब्रेकच्या बूस्टरला साहाय्य करते. सर्वसाधारण डिझेल इंजिनात ही झडप नसल्याने ती ओढही नसते. त्यासाठी स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. त्याला ही गोष्ट पुस्तकातून नव्हे, तर एका भाजीवाहू चालकाकडून कळली. गॅरेजातून गाडी बाहेर काढताना ब्रेक काहीसा कडक वाटला होता. रिकामी गाडी सपाटीवर थांबत होती, म्हणून त्याने ते मनावर घेतले नाही. मालासह घाट उतरताना मात्र दोन्ही पाय पेडलवर रोवूनही गाडी आवरेना. अखेर खालच्या गिअरमध्ये घालून डोंगराच्या बाजूच्या चरात तिला टेकविले, म्हणून निभावले. पंप बसवावयाचा राहून गेला होता. गाडीच्या पुढच्या भागाचे वजन वाढलेले आणि ब्रेकचे बळ घटलेले, असा हा दुहेरी धोका आहे.

कागदपत्रे

नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिनाचा क्रमांक व इंधनाचा प्रकार नमूद असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. इंधनबदलास कायद्यात वाव आहे, तो विहित अटींच्या अधीन राहूनच. २०१९ च्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानगी मिळेलच असे गृहीत धरू नये. आधी परिवहन कार्यालय, मग गॅरेज, हाच क्रम असावा. जुन्या इंजिनाच्या खरेदीची पावती जपून ठेवावी. चोरीच्या गाडीचे इंजिन नकळत पदरी पडू शकते. विमा कंपनीस बदल कळविला नसेल, तर अपघातानंतर भरपाईचा दावा अडचणीत येतो.

हिशेब

समजा, गाडी वर्षाचे ३०० दिवस रोज ६० किलोमीटर धावते. म्हणजे वर्षाला १८,००० किलोमीटर. पेट्रोलवर लिटरला १० किलोमीटर धरले तर १,८०० लिटर लागेल. डिझेलवर १४ धरले तर सुमारे १,२८६. दोन्ही आकड्यांना आपापल्या दराने गुणावे व वजाबाकी करावी. इंजिन, जोडणी, पाटे, ब्रेक व शुल्क यांच्या एकूण खर्चाला त्या बचतीने भागले की किती वर्षांत पैसे फिटतील ते कळते. गाडीचे उरलेले आयुष्य त्याहून कमी असेल, तर विचार सोडून द्यावा. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाल्यापासून दोहोंतील तफावत पूर्वीइतकी राहिलेली नाही, हेही विसरू नये. मूळ पेट्रोल इंजिनाचीच नीट दुरुस्ती पुष्कळदा अधिक किफायतशीर ठरते.

मिस्त्रीच्या हाताला यश असते, हे खरे. परंतु त्याने पान्हा उचलण्यापूर्वी मालकाने कागद व पेन्सिल उचलणे अगत्याचे आहे. गाडीवर घर चालते आणि ती गाडी घाटही उतरते, या दोन्ही गोष्टी ध्यानी ठेवूनच निर्णय व्हावा.